गोचिडांचं औषध

बैलाच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते. जनावरांच्या डॉक्टर प्रतिमाताईंनी त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या पार बारीक झाल्या होत्या.

“भगवानराव, याला काय लावलं?”

“उद्या पोळा हाय मॅडम. गोचिडं लय झाली होती. कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात कालवून चोळलं.”

“करिष्मा, बादली आण वं!” भगवानरावांच्या बायकोनं, शालूबाईंनी, घराकडे पाहून लेकीला हाक मारली. उत्तर आलं नाही.

“लाडका बैल मरून राह्यला अन् हे झोपून राह्यली!” भगवानराव करवादले.

प्रतिमाताईंनी बैलाच्या शिरेत सुई टोचली. “या विषानं मज्जातंतूंच्या जोडांमधलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पडतं. मग घाम, लाळ, थरथर आणि शेवटी श्वास थांबतो. बैल असो की माणूस, विकर तेच.”

शालूबाईंच्या हातातला कासरा सुटला.

“माणसालेबी होते?”

“होतं ना. का?”

“उरलेलं म्या सकायी पोरीच्या डोक्याले चोळलं. उवा झाल्या होत्या.”