न बोलायचे शब्द

तुटणं, फुटणं, सुटणं हे शब्द जपानात लग्नाच्या भाषणात अशुभ, म्हणून मिनेगिशींच्या बायकोने त्यांच्या भाषणाच्या कागदावर लाल पेन्सिल फिरवली. पोलादी दांड्याला जोडलेलं सिरॅमिकचं चाक किती टिकतं, हे कारखान्यात तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. कागदावर ‘अभिनंदन’ तेवढं उरलं.

हॉलमध्ये ते उभे राहिले. “नवरा-नवरी दोघंही माझ्याच हाताखाली जोडकाम करतात. नवरीने जोडलेलं चाक आम्ही तीन दिवस गरागरा फिरवलं. जोड जागचा हलला नाही. शेवटी मोटरच...”

बायको खोकली.

“...मोटरच दमली.”

टाळ्या पडल्या. साकेचे दोन पेले पोटात गेलेल्या नवरदेवाला राहवलं नाही. “आणि माझा जोड, साहेब?”

मिनेगिशींनी एकदा बायकोकडे पाहिलं.

“तुझ्याविषयी सोमवारी कारखान्यात बोलू. आज चांगला दिवस आहे.”