श्रीखंडानंतरची पहिली खेळी

घड्याळ सुरू झालं आणि पहिली खेळी करायच्या आधीच जयसिंगराव पाटणे बसल्या जागी झोपले. ज्येष्ठांच्या बुद्धिबळ स्पर्धेत जेवणाला श्रीखंडपुरी ठेवली की दुसरं काय होणार?

समोर काळे मोहरे घेऊन बसलेल्या बापटांना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. सात वर्षं ते जयसिंगरावांकडून हरत आले होते. आता जयसिंगरावांच्या वाट्याचा तास असाच घोरण्यात गेला, की वेळ संपून ते हरणार! बापटांनी त्यांच्या नाकावरची माशी हाकलली, स्वतःची शाल त्यांच्या अंगावर घातली.

"उठवू का हो यांना?" पंचांनी विचारलं.

"खबरदार! प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं नियमात बसत नाही."

सहा मिनिटं उरली आणि बापटांना चुटपुट लागली. जयसिंगराव दरवर्षी राजापुढच्या प्याद्याने सुरुवात करत. त्यावर तीन महिने खपून बापटांनी उत्तर बसवलं होतं. ऐकून ऐकून बायकोलासुद्धा बावीस खेळ्या पाठ झाल्या होत्या. एवढं सगळं न खेळताच घरी न्यायचं? त्यांनी टेबलाखालून हळूच लाथ मारली.

जयसिंगराव दचकून उठले, मिशा पुसल्या आणि त्यांनी वजिरापुढचं प्यादं सरकवलं.

बापट पटाकडे बघतच राहिले. "जयसिंगराव, अजून एक डुलकी काढता का? मी थांबतो की."

"आता कुठली झोप हो? उठवलासा की!" म्हणत जयसिंगरावांनी शाल नीट लपेटून घेतली. डाव जिंकायला त्यांना चारच मिनिटं पुरली.