शेटेचा नंबर

वस्तीतल्या प्रत्येकाच्या फॉर्मवर सायबर कॅफेवाला शेटे स्वतःचाच मोबाइल नंबर टाकायचा. ओटीपी त्याच्या फोनवर, म्हणजे माणसं कायम त्याच्या दारात. द्वारकाबाईंच्या विधवा पेन्शनच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता, तेव्हा तो आतूनच म्हणाला होता, "बाहेर थांबा, जेवतोय." त्याचे हात धुऊन होईस्तोवर मुदत संपली.

समाजमंदिरात मोफत कम्प्युटर केंद्र निघालं, तशा द्वारकाबाई तिथे ठाण मांडून शिकल्या. आज तिथल्या आधारच्या अंगठ्याच्या मशीनवर त्याच होत्या. बायका रांगेनं येऊन अंगठा टेकवत, आणि द्वारकाबाई त्यांच्या नोंदीतला शेटेचा नंबर काढून जिचा तिचा घालत.

दुपारी शेटे धापा टाकत आला. "बाई, सकाळपासून नंबर काढल्याचे मेसेज येतायत. जरा बोलायचंय."

द्वारकाबाईंनी डबा उघडला. "बाहेर थांबा, जेवतेय."

मग भाकरीचा पहिला घास त्यांनी, तोंडात एकही दात नसल्यासारखं, सावकाश चावला.