न कापलेला पुंजका

या, जवळ या. मागच्यांनी पुढे सरकावं, उभे आहेत त्यांनी बसून घ्यावं. एका मूठभर पाखराची गोष्ट सांगतो. देवाचा हात कधी कधी कुणाच्या विळ्याला धरून येतो, तो असा.

दलदलीच्या काठावर पत्र्याची एक खोली. तिथे पक्षी मोजणारी बाई टेबलाशी बसली होती. समोर एक कागद. राखी फटाकडी नावाचा पक्षी, साऱ्या जगात याच एका दलदलीत राहणारा. दहा वर्षांत कुणाला दिसला नव्हता. नियम असा, की दहा वर्षं दिसला नाही तर ‘अतिसंकटग्रस्त’ खोडायचं आणि ‘नामशेष’ लिहायचं. मग दलदलीचं संरक्षण उठणार, भराव पडणार. मुदत आज संध्याकाळपर्यंत. फक्त सही राहिली होती, आणि बाईच्याने पेन उचलवत नव्हतं.

दारात मोळी टाकून लव्हाळी कापणारी मावशी आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

“ताई, घोटभर पाणी द्या. आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का हो?”

“पक्षी संपला, मावशी.”

“कुठला?”

बाईने चित्र पुढे सरकवलं. मावशीने ते हात लांब करून पाहिलं आणि हसू लागली.

“ही? ही भवानी कसली संपतेय! काल माझ्यावर चोच उगारून आली.”

“कुठे?”

“कापणीत, आणखी कुठे?”

बाईने नकाशा ओढला. कापणीची बाजू तिनेच पहिल्या वर्षी लाल रेघ मारून वगळली होती. माणसांचा वावर, विळ्यांची खसखस. तिथे पक्षी राहतोय कशाला! दहा वर्षं सगळे उंच, माणसाचा हात न लागलेल्या लव्हाळ्यातच शोधत होते. काखेत कळसा.

दोघी पाण्यात उतरल्या. चहूकडे कापलेले बुडखे, आणि मधेच कुठे कुठे कमरेएवढा एखादा पुंजका तसाच उभा.

“हे का सोडलेत?”

“सासूची शिस्त. विळा जवळ आला तरी पाखरू उडालं नाही, की समजायचं, खाली अंडी आहेत. तेवढा पुंजका सोडायचा. विसरले, तर कापलेली पाती पुन्हा अंड्यांवर झाकायला भर चिखलातून माघारी पाठवायची. जन्मभर भांडलो आम्ही, पण इथे तिचाच शब्द.”

मावशीने दोन बोटांनी पाती बाजूला केली. आत राखाडी पाखरू बसलं होतं. लाल डोळा. अंग फुगवून त्याने चोच उगारली. त्याच्या पोटाखालून एक काळं, ओलं डोकं बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं.

बाईने फोटो काढला. मग कॅमेरा गळ्यात सोडून तिने पाण्यातच हात जोडले. पाखराला की मावशीला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“पुरे आता,” मावशी म्हणाली, “पिल्लाला गार लागेल.”

खोलीत येऊन बाईने जुना कागद फाडला, नवा घेतला. ‘कोणामुळे आढळला’ या रकान्याशी ती थांबली.

“मावशी, पूर्ण नाव सांगा.”

“माझं कशाला? म्हातारीचं लिहा.”

“कुठे असतात त्या?”

“वारली. सात वर्षं झाली.”

“अहो, गेलेल्या माणसाचं नाव कसं लिहू?”

“जित्या पाखराला मेलेलं लिहीत होतात की मघाशी! मग मेलेल्या माणसाला जितं लिहायला काय जातंय?”

बाई हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि मावशीने सांगितलं तसं एकेक अक्षर लिहून काढलं.

आज देवापुढे आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्यात त्या सासूबाईंनाही घ्या. फार कडक होत्या म्हणतात.