लिंबाला शिवून ये

“लिंबाला शिवून ये, मगच लाडू!” अंगणवाडीच्या दारातून शेवंताताई ओरडल्या तशी पोरं अंगणातल्या कडुलिंबाकडे सुसाट पळाली. राणू मात्र पायरीवरच मुळूमुळू रडत बसली.

ताई हटल्या नाहीत. रोज पदर खोचून त्या स्वतःच तिच्यापुढे धापा टाकत पळायच्या. चार महिन्यांत राणूच्या काटकुळ्या पायांत बळ आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती एकटी लिंबाला शिवून आली आणि तिनं ऐटीत हात पुढे केला.

दसरा झाला आणि गावातल्या माणसांना ऊसतोडीला न्यायला ट्रक आला. ताईंनी राणूच्या आईकडे शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. “रोज एक दे. अन् पळू दे तिला, नुसती बसवून ठेवू नकोस.”

चैत्रात माणसं परतली. राणूची आई एकटीच अंगणवाडीत आली. डबा लख्ख घासलेला होता, आणि जड. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, एवढं तिच्या ध्यानात होतं. आत गूळ होता.

“राणू तापानं गेली, ताई. उसाच्या फडावरच,” ती खाली बघत म्हणाली. “तिथं लिंब नव्हता. आम्ही राहायचो त्या कोपीच्या खांबाला शिवायची अन् हात पुढं करायची... या गुळाचे लाडू करा पोरांना.”

दुसऱ्या दिवशी ताई लाडवांची परात घेऊन दारात आल्या. पोरं हुकमाची वाट बघत उभी राहिली. ताईंनी परात पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि एकट्याच लिंबाकडे पळत सुटल्या.