फूल आलं की येते

"इथेही नाही," यानबो म्हणाला आणि पिओनीच्या फुलझाडाची पानं पुन्हा एकदा बाजूला सारून पाहू लागला. एप्रिल अर्धा सरला होता. लोयांगच्या त्या गल्लीत प्रत्येक अंगणात ताटाएवढी फुलं डोलत होती, आणि त्याच्या आईच्या अंगणात नुसता हिरवा पाला.

त्याची बायको रुईफांग उंबऱ्याशी उभी होती.

सासरे गेल्यावर यानबोने आईला झेंगझोऊच्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "यांनी हाताने कलम बांधलेलं झाड आहे. यांच्या माघारी त्याला एकदा फूल येऊ दे. फूल आलं की येते." पिओनीच्या गावात असली अट कोण मोडणार?

रुईफांगला मात्र धडकीच भरली होती. फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि सासूबाई कांद्याची पात कशी चिरावी यावरूनही ऐकवणाऱ्या. थंडी ओसरल्यावर ती झाडाची निगा राखायच्या निमित्ताने एकटीच लोयांगला आली. बुंध्याशी फुटलेले रानवट धुमारे तिने काढले, माती भुसभुशीत केली, तिळाची पेंड घातली. फूल मोठं यावं म्हणून एका फांदीवर एकच कळी ठेवतात, बाकीच्या खुडतात. रुईफांगने एकही ठेवली नाही.

पुढच्या वर्षीही तेच.

"झाडालाही दुःख असतं गं," सासूबाई तेव्हा म्हणाल्या. "घाई करू नये."

मग या हिवाळ्यात रुईफांग आजारी पडली. फुप्फुसात कफ भरला. सासूबाई पिशवी घेऊन आल्या आणि महिनाभर राहिल्या. बाजरीची पेज भरवली, रोज संध्याकाळी तिचे पाय गरम पाण्यात धरून बसल्या. एकदाही टोमणा मारला नाही. रुईफांगची आई ती लहान असतानाच गेली होती. असं कुणी आपले पाय धुतल्याचं तिला आठवत नव्हतं.

यंदा मार्चमध्ये तिने प्रत्येक फांदीवर एक ठसठशीत कळी ठेवली. घरी जाऊन उन्हाची खोली रिकामी केली, नवी रजई शिवून घेतली. आज ती सासूबाईंना न्यायला आली होती.

आणि झाडावर एकही कळी नव्हती.

शेजारचे लुओकाका भिंतीवरून डोकावले. त्यांचा जन्म पिओनीच्या रोपवाटिकेत गेलेला.

"झाडाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "धरलं होतं चांगलं. कुणीतरी खुडलंय. हे देठ बघ, नखाची खूण आहे."

"पोरांचं काम असेल," यानबो म्हणाला.

"पोरं फुलं तोडतात रे. कळ्या कशाला तोडतील?"

यानबो बायकोकडे वळला. "मार्चमध्ये तूच होतीस ना इथे?"

"मी ठेवल्या होत्या," रुईफांग म्हणाली. तिचे कान लाल झाले. या झाडाबद्दल ती पहिल्यांदाच खरं बोलत होती आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर ते पटल्याचं दिसत नव्हतं.

"नूडल्सचा चिखल होतोय," सासूबाईंनी आतून हाक दिली. "काय भांडायचं ते जेवून भांडा. लुओभाऊ, तुम्हीही या. नाहीतरी वासावरच आला असाल."

लुओकाका हसले आणि वळसा घालून दाराकडे निघाले.

रुईफांग स्वयंपाकघरात गेली. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून वाडग्यांत आंबट नूडल्स वाढत होत्या. तिने दार लोटून घेतलं.

"आई, यानबोला सांगा हवं तर. आधीची दोन वर्षं मीच कळ्या खुडल्या. तुम्ही आमच्याकडे येऊ नये म्हणून." ती क्षणभर थांबून पुढे म्हणाली, "पण यंदा नाही. यंदा मी हात लावला नाही. तुम्ही यावं असं मला मनापासून वाटत होतं."

सासूबाईंनी तिच्या वाडग्यात शेंगदाणे जरा जास्तच घातले आणि तो तिच्या हातात दिला.

"ठाऊक आहे मला," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर यंदा मला खुडाव्या लागल्या."