तिसरा प्रश्न

सोलापूरच्या दवाखान्यात रोज सकाळी सातला नवे विलायती डॉक्टर डोक्याला मार लागलेल्या तानाबाईला तीन गोष्टी विचारीत: तिचे नाव, आजचा वार आणि नवऱ्याचे नाव. तिसऱ्या प्रश्नाला ती मान खाली घाली. ‘स्मृती परतली नाही, घरी पाठवू नये,’ असे ते लिहीत.

पाचव्या सकाळी नर्स प्रभा हसली. “साहेब, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.”

ओशाळलेल्या डॉक्टरांनी दाराशी काठी टेकून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, हरिबाला, आत बोलावले. “मग हा कोण, तेवढे सांग.”

“सांग की. मेंढरं खोळंबल्यात,” हरिबा म्हणाला.

ज्या काठीने डोके फुटले होते, ती तानाबाईने नीट ओळखली.



“ह्या मानसाला म्या कंदी बगितलं न्हाय,” ती शांतपणे म्हणाली.